अडाना ८×५: आठ महिने वापरून झाल्यावर

मशिन घरी आलं त्याच आठवड्यात लिहिणार होतो, नाही लिहिलं ते बरंच झालं, कारण तेव्हा नुसतं कौतुक केलं असतं आणि महिन्याभराने लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. आता आठ महिने झालेत, दोन्हीचा जोर ओसरलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. अडाना म्हणजे टेबलावर ठेवायचं, हाताने दांडा ओढून चालवायचं छोटं लेटरप्रेस मशिन, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून ती कागदावर दाबून छापायचं. इंग्लंडमधल्या ट्विकनहॅमला १९२२ ते १९९९ बनायचं, त्यामुळे आज जे मिळतं ते कुणीतरी वापरलेलंच. (नाव वाचून राग अडाणा आठवला, घरच्यांना मात्र अडाणी आठवलं, आणि पहिले दोन महिने त्यांचंच बरोबर होतं.) ८×५ हे चेसचं माप, इंचात. चेस म्हणजे ती लोखंडी चौकट जिच्यात खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) आवळून बसवतात. डोनाल्ड अ‍ॅस्पिनॉल यांनी कंपनी काढली ती मुख्यतः हौशी लोकांसाठी, पण व्हिजिटिंग कार्डं, तिकिटं, लेटरहेड असली बारीक कामं करणारे धंदेवाले पण ही मशिनं वापरायला लागले. कार्डं, तिकिटं, लेटरहेड. या मशिनची खरी कुवत तेवढीच आहे, आणि मी नेमकं तेच विसरून बसलो.

कारण मला हवा होता खोल ठसा. हल्ली लेटरप्रेस म्हटलं की जाड कॉटन पेपर आणि बोट फिरवलं की खड्डा लागला पाहिजे, असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. जुने छापखानेवाले उलट होते, कागदाच्या पाठीमागे उठाव आला तर काम बिघडलं म्हणायचे, अक्षराने कागदाला जेमतेम टेकायचं आणि शाई देऊन मागे यायचं. अडाना त्या जुन्या मताचं आहे! दांड्यावर तुम्ही जेवढा जोर लावता तो सगळ्या छापायच्या भागात वाटला जातो, त्यामुळे चार ओळींचा पत्ता असेल तर छान रुततो पण तळहाताएवढा भरीव ठोकळा लावला की तोच जोर पातळ होतो आणि पांढरे ठिपके ठिपके राहिलेला फिकट डाग मिळतो. मी काय केलं तर छापायच्या कागदाच्या पाठीमागे आधाराचे कागद वाढवत गेलो आणि दांड्यावर अक्षरशः लोंबकळलो. ओतीव लोखंड आहे, वाकत नाही, तडकतं. माझं तडकलं नाही हे माझं नशीब, अक्कल नाही. आता खोल ठसा हवाच असला तर मजकूर कमी ठेवतो, कागद किंचित ओलसर करून घेतो आणि भरीव भाग असेलच तर तो वेगळ्या फेरीत छापतो.

आता खरं जे शिकलो ते. यात सगळा खेळ उंचीचा आहे. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३२ मिलिमीटर, आणि चेसमध्ये जे जे छापायचंय ते सगळं याच उंचीला आलं पाहिजे. शेवटचा आकडा मला आधी चेष्टा वाटायचा, इंचाच्या हजाराव्या भागाने कोणाला काय फरक पडतो? पडतो. एक झिजका ‘e’ ओळीत असला तर तेवढाच फिका येतो आणि मग तुम्हाला कार्डावर दुसरं काही दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणजे मेकरेडी: प्लॅटनवर (कागद अक्षरांवर दाबणारी सपाट पाटी) आधाराचे जे कागद असतात त्यातल्या वरच्या कागदाखाली बरोब्बर त्या जागी टिश्यूचा बारीक तुकडा चिकटवायचा, प्रूफ म्हणजे चाचणीची प्रत काढायची, परत बघायचं. वीस कार्डं छापायला दहा मिनिटं आणि त्याच्या आधी मेकरेडीला दोन तास, हा माझा सरासरी हिशेब आहे. ज्यांना हा हिशेब ऐकून घाम फुटतो त्यांनी सरळ डिजिटल प्रिंट काढावी, राग नाही.

दुसरी गोष्ट रोलर, म्हणजे अक्षरांवर शाई फिरवणारे रबरी रूळ, आणि इथे माझे पूर्ण सहा आठवडे गेले. छपाई एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फिकी, अक्षरांच्या कडांना शाईची मिशी. मी प्लॅटनचे स्क्रू पिळत बसलो, एक पिळला की दुसरा कोपरा बिघडायचा, शेवटी कुठलाच स्क्रू मूळ कुठे होता ते कळेना. दोष स्क्रूंचा नव्हताच. आधीच्या मालकाने रोलर कित्येक महिने एकाच जागी टेकवून ठेवले होते, रबरावर चपटा पट्टा पडला होता, तो पट्टा फिरून आला की शाई उडी मारायची. नवे रोलर आणि सोबत रोलरचा गेज घेतला (टाइप-हाय म्हणजे खिळ्याच्याच उंचीची लहान चकती, दांड्याला लावलेली, बाकी काही नाही). ती बेडवर (चेस जिथे बसतो त्या पाटावर) टेकवून रोलरखालून फिरवायची आणि तिच्यावर शाईची रेघ किती रुंद उमटते ते बघायचं, साधारण ३ मिलिमीटर हवी. माझी बोटभर यायची. रोलर ज्या पट्ट्यांवरून धावतात तिथे चिकटपट्टीचे दोन थर लावले आणि मिशी गेली. सहा आठवड्यांचं दुखणं चिकटपट्टीने बरं झालं, बोला. तर मशिन बघायला जाल तेव्हा रंगबिंग नका बघू, आधी रोलर बोटाने फिरवून बघा. आणि काम संपलं की काढून ठेवा, डिस्कवर (शाई पसरवायची गोल थाळी) टेकवून झोपायला जाऊ नका.

शाईबद्दल थोडक्यात. रबर-बेस शाई डिस्कवर तासन् तास ओली राहते, माझ्यासारख्या रेंगाळणाऱ्याला तीच बरी, फक्त गुळगुळीत कोटेड कागदावर ती वाळत नाही, दुसऱ्या दिवशी पण अंगठ्याला लागते. ऑइल-बेस कडक वाळते पण डब्यात साय धरते. शाई किती घ्यायची? तुम्हाला वाटते त्याच्या निम्मी, आणि मग त्याच्याही निम्मी. तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाच्या तेलाची शाई लागलेला बोळा आपोआप तापून पेटू शकतो, झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा.

खिळे की पॉलिमर प्लेट (उठावाची अक्षरं असलेली प्लास्टिकची अखंड पाटी), यावर लोक भांडतात. मी दोन्ही वापरतो. प्लेट सोयीची, कॉम्प्युटरवर डिझाइन करा, अतिनील प्रकाशात कडक होते, बाकीचं पाण्याने धुऊन जातं, आणि खोल ठशाचा मारही तीच खाते. खिळे म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथिल, जाड कागदावर रोज ठोकले तर कडा गोल होतात. पण प्लेट चिकटवताना मला कधी काही शिकल्यासारखं वाटलं नाही. स्टिकमध्ये (ओळ जुळवायची हातातली छोटी पट्टी) उलटे खिळे जुळवताना b, d, p, q ची फजिती होते, ओळ घट्ट बसवायला अर्ध्या पॉइंटची (पॉइंट हे छपाईतलं बारीक माप) तांब्याची पट्टी सरकवावी लागते, आणि ती आळस करून नाही सरकवली तर काय होतं तेही सांगतो. तिसऱ्या आठवड्यात फर्मा (चेसमध्ये जुळवलेला सगळा मजकूर) आवळला, वरून ठोकून सपाट केला, कोपरा उचलून हलतंय का बघायचं असतं ते नाही बघितलं आणि चेस सरळ उचलला. चौदा ओळी जमिनीवर. एकही ‘i’ धड मिळेना, अर्धे कपाटाखाली. रात्री दीडपर्यंत टॉर्च घेऊन वेचत होतो. जुने खिळे असतील तर वरची पांढरट पूड फुंकरीने उडवायची नाही, ते शिसं असतं, आणि काम झाल्यावर आधी हात धुवायचे. मी पहिल्या महिन्यात त्याच हाताने चहा पीत होतो, तुम्ही नका करू.

घ्यावं का म्हणून तिघांनी विचारलंय. कार्डं, छोटी पत्रकं, बुकमार्क, पाकिटावर नाव छापायचं असेल तर घ्या, आणि मशिनसाठी जेवढे पैसे ठेवलेत त्यातलेच थोडे नव्या रोलरसाठी बाजूला काढा. पोस्टर किंवा भरीव रंगाचे ठोकळे छापायचे असतील तर अजिबात नको, हात दुखतील आणि काम रडकं येईल. ऑर्डरी घ्यायचा विचार असेल तर आधी एका बैठकीत दोनशे कार्डं छापून बघा. माझा खांदा दीडशेलाच बोलायला लागला.

माझं विकायचं नाहीये, तेही दोघांनी विचारून झालं. स्क्रू आता कुठे जागेवर बसलेत. मशिनच्या कडेला एक चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: वर १ ऑइल पेपर, खाली २ जाड, ३ पातळ, डाव्या खालच्या कोपऱ्यात १ टिश्यू. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, बाकी कशालाही हात लावा, या टिश्यूला नको.