एक खिडकी, पंधरा दिवस: नगरपरिषदेच्या नागरी सुविधा केंद्राचा अनुभव

गेल्या सव्वा वर्षात मला आमच्या गावच्या नगरपरिषदेच्या नागरी सुविधा केंद्रात तीन वेगवेगळ्या कामांसाठी जावे लागले: वडिलांच्या मृत्यूचा दाखला, त्यांच्या नावावरील घराची वारस नोंद आणि मागच्या खोल्यांसाठी स्वतंत्र नळजोडणी. तिन्ही कामांची खिडकी एकच, कर्मचारी जवळपास तेच आणि तिन्हींना लागू होणारा कायदाही एकच, म्हणजे ठरलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. तरीही तिन्ही अनुभव एकमेकांपासून इतके निराळे निघाले की या सेवेविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. नगरपरिषद 'ब' वर्गाची आहे, म्हणजे लोकसंख्या 40 हजारांहून अधिक आणि एक लाखाच्या आत. गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून आसपासच्या चार गावांतील लोक आपल्याच गावाविषयी लिहिले आहे असे म्हणतील, अशी माझी खात्री आहे.

केंद्राची जागा चांगली आहे. तळमजल्यावर, प्रवेशद्वारातून आत येताच डाव्या हाताला चार खिडक्या, बसायला बाके आणि पिण्याचे पाणी अशी सोय आहे. भिंतीवर मोठा फलक लावलेला असून त्यावर अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेचे नाव, लागणारी कागदपत्रे, शुल्क, कामाची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला अधिकारी) आणि अपील अधिकारी असे रकाने आहेत. हा फलक कोणाच्या सौजन्याने लागलेला नाही. तो लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे. चार खिडक्यांपैकी दोनच चालू असतात आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर काम पुन्हा सुरू व्हायला घड्याळापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, हे अपेक्षितच होते. सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी असते. सोमवार मात्र टाळावा.

पहिल्या कामाविषयी तक्रारीला जागा नाही. वडील घरीच वारले, त्यामुळे रुग्णालयाकडून नगरपरिषदेला परस्पर खबर जाण्याचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, स्मशानभूमीची पावती आणि ओळखपत्रांच्या प्रती घेऊन आठव्या दिवशी गेलो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा केंद्राचा, 1969 चा. त्याप्रमाणे 21 दिवसांच्या आत खबर दिली तर नोंदणीला विलंब शुल्क पडत नाही. फलकावर दाखल्याची मुदत तीन दिवस लिहिली होती आणि दाखला दुसऱ्याच दिवशी हातात पडला. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, पत्ता, सर्व अचूक होते. खिडकीवरच्या बाईंनी न विचारताच सांगितले, "पाच-सहा प्रती आत्ताच घेऊन ठेवा, बँकेत आणि विम्याला लागतील." असा सल्ला कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसतो, म्हणून त्याची नोंद येथे करतो.

खरी कसोटी वारस नोंदीची लागली. येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण रांगेत माझ्या पुढे-मागे उभ्या असलेल्या अनेकांच्या मनात गोंधळ दिसला. नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही. ती नोंद घरपट्टी कोणाकडून वसूल करायची एवढ्यापुरती असते. मिळकत पत्रिकेवरील नोंद भूमी अभिलेख कार्यालयात स्वतंत्रपणे करावी लागते. मात्र नगरपरिषदेचा उतारा नसेल तर पुढची बरीच दारे उघडत नाहीत, म्हणून लोक प्रथम येथेच येतात.

फलकावर वारस नोंदीची मुदत होती 15 दिवस. मी अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि चालू वर्षापर्यंतची घरपट्टी भरल्याची पावती जोडून दिली. थकबाकी नव्हती हे बरे झाले. थकलेल्या घरपट्टीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के, आणि ती भरल्याशिवाय या खिडकीवर पुढचे बोलणेच होत नाही. कर विभागातील लिपिकाने कागद चाळले आणि म्हणाला, "काका, ठेवून जा. तपासून घेतो आणि मग ऑनलाइन टाकतो." मी ठेवून आलो, आणि येथेच माझी चूक झाली.

लोकसेवा हक्क कायद्याचा सारा डोलारा एका क्रमांकावर उभा आहे. अर्ज स्वीकारला की अर्जदाराला विशिष्ट अर्ज क्रमांक मिळतो, त्यावरून अर्ज कोठपर्यंत पोहोचला हे पाहता येते आणि मुदतीचे दिवस मोजता येतात. परंतु मुदत मोजायची ती सर्व दृष्टीने परिपूर्ण असा अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून, असे कायद्यातच म्हटले आहे. तरतूद म्हणून यात गैर काही नाही, कारण अपुऱ्या कागदांवर कोणी काम करावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मात्र कागद परिपूर्ण आहेत की नाहीत हे ठरवणारा आणि दिवस सुरू करणारा माणूस एकच असेल, तर पंधरा दिवसांचा अर्थ त्याच्या टेबलावर ठरतो. माझे कागद अकरा दिवस त्या टेबलावर होते आणि त्या अकरा दिवसांची कोठेही नोंद नाही. बाराव्या दिवशी मी स्वतः खिडकीवर बसून राहिलो तेव्हा अर्ज संगणकात चढला आणि भ्रमणध्वनीवर क्रमांक आला. राज्याच्या पटलावर माझा अर्ज त्या दिवशी जन्माला आला.

त्यानंतर तेराव्या दिवशी 'त्रुटी' निघाली. बडोद्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीचे संमतीपत्र हवे होते. ते फलकावरच्या कागदपत्रांच्या रकान्यात नव्हते. तरीही एकापेक्षा अधिक वारस असताना एकाच्याच नावे नोंद मागितली तर इतरांची संमती मागणे रास्त आहे, हे मला मान्य आहे. आम्ही आईच्या नावे नोंद मागितली होती, त्यामुळे दोघाही भावंडांची संमती लागणारच. प्रश्न इतकाच की ही गोष्ट पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगता आली असती. बहिणीने संमतीपत्र नोटरीसमोर करून टपालाने पाठवले, ते मी जोडले आणि त्यानंतर मुदत संपून आठवडा उलटला तरी अर्ज 'प्रलंबित' या एकाच शब्दावर थांबलेला होता.

मुदत संपल्यावर किंवा नकार मिळाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. फलकाप्रमाणे आमच्याकडे प्रथम अपील अधिकारी मुख्याधिकारी आहेत. मी एका पानाचे अपील लिहिले: अर्ज क्रमांक, तारीख, फलकावरील मुदत आणि किती दिवस उलटले. भाषा साधी ठेवली, कोणाचेही नाव घेतले नाही. अपिलाची सुनावणी झालीच नाही, कारण चौथ्या दिवशी वारस नोंद मंजूर झाल्याचा संदेश आला आणि उतारा तयार असल्याचे कळले. सबळ कारणाशिवाय विलंब केल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. तरी ती स्वतःच्या खिशातून जाते आणि सेवापुस्तकाशी तिचा संबंध जोडला जाईल ही धास्ती असते, असे माझे मत झाले आहे. अर्थात हे चार दिवसांत होऊ शकणारे काम होते, हेही त्या संदेशानेच सिद्ध केले. यात माझ्या वाया गेलेल्या खेपांचे काय, याचे उत्तर आपल्या कायद्यात नाही. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये देशातील पहिला असा कायदा केला तेव्हा दंडाच्या रकमेतून अर्जदाराला भरपाई देण्याची सोय ठेवली होती. आपल्याकडे तो विचार झाला असता तर बरे झाले असते.

हे सारे घडले तेव्हा नगरपरिषदेत नगरसेवकच नव्हते, हे या परीक्षणात सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहाची मुदत 2021 च्या अखेरीस संपली आणि इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेचे बदलते कायदे आणि न्यायालयीन प्रकरणे यांत निवडणुका अडकल्या. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे संविधानात 1993 पासून लिहिलेले आहे. प्रत्यक्षात प्रशासकाचा कारभार जवळपास चार वर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या मे महिन्यात आदेश दिल्यानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात मतदान झाले. दरम्यान नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, याविषयी 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात 2016, 2020 आणि 2022 अशा तीन वेळा उलटसुलट दुरुस्त्या झाल्या. मुंबईत सरकार बदलले की आमच्या गावच्या नगराध्यक्षाची खुर्ची बदलते, इतका हा संबंध सरळ आहे.

प्रशासकाच्या काळात, रीतसर नळजोडणी असो वा वारस नोंद, नागरिकाच्या हाती एकच साधन उरले होते, आणि ते म्हणजे हा क्रमांक. पूर्वी लोक नगरसेवकाचे पत्र घेऊन जात; तो दरवाजा बंद झाल्यावर अनेकांना फलक वाचण्याची सवय लागली. माझ्या समोर एका वृद्ध गृहस्थाने, चष्मा सावरत, फलकावरील मुदत बोटाने दाखवली आणि लिपिकाला नम्रपणे तारीख विचारली. त्यांचे काम त्याच आठवड्यात झाले.

तिसरे काम, नळजोडणी, निवडणुकीनंतरचे. येथे मात्र मला या सेवेला कमी गुण द्यावे लागतात. फलकावर मुदत 15 दिवस; अर्ज पहिल्याच दिवशी क्रमांकासह स्वीकारला गेला, कारण तोपर्यंत मी क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही हे शिकलो होतो. बाराव्या दिवशी पत्र आले की, गल्लीतील जलवाहिनीवर दाब अपुरा असल्याने सध्या जोडणी देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. कायद्याच्या चौथ्या कलमातच म्हटले आहे की, सेवेचा हक्क कायदेशीर, तांत्रिक आणि आर्थिक व्यवहार्यतेच्या अधीन आहे. या तीन शब्दांत नगरपरिषदेची अर्धी कामे मावतात. लेखी कारण देऊन अर्ज मुदतीत नाकारला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सेवा वेळेत दिली असाच त्याचा हिशेब होतो. दाब खरोखर अपुरा आहे का, हे पाहायला कोणी गल्लीत आले नव्हते. आले असते तर शेजारच्या नव्या इमारतीला त्याच वाहिनीवरून जोडणी मिळाल्याचे त्यांना दिसले असते.

मी प्रथम अपील केले आणि त्यात केवळ एवढीच मागणी केली की, प्रत्यक्ष जागेवर दाब मोजून त्याची नोंद मला द्यावी. या वेळी सुनावणी झाली. पाणीपुरवठा विभागाचे अभियंते आले, मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि जागेची पाहणी करण्याचा आदेश दिला. पाहणी होऊन जोडणी मंजूर झाली. रस्ता खोदाईची रक्कम भरली आणि अर्जापासून 43 व्या दिवशी नळाला पाणी आले. सुनावणीची पद्धत मला समाधानकारक वाटली, हे प्रांजळपणे लिहितो. परंतु त्याच दिवशी कार्यालयाबाहेर ओळखीच्या एका प्लंबरने सांगितले, "आता नगरसेवक आलेत, अपील कशाला करत बसता? एक पत्र आणा, दोन दिवसांत होतं." चार वर्षांत जी सवय लागली होती ती किती टिकेल, हे या गावात मला तरी सांगता येत नाही.

ज्यांना या केंद्रात काम आहे त्यांनी अर्ज शक्यतो ऑनलाइन स्वतःच भरावा आणि कागद प्रत्यक्ष द्यायचेच झाले तर क्रमांकाशिवाय देऊ नयेत. फलकाचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण कागदपत्रांची यादी तोंडी वाढत जाते. तुंबलेले गटार, बंद पडलेला पथदिवा, न उचललेला कचरा यांसाठी हा कायदा कामाचा नाही. तो अधिसूचित सेवांपुरताच आहे, आणि त्या तक्रारी वेगळ्या नोंदवहीत जातात, जेथे मुदतीचा रकानाच नाही.

गेल्या महिन्यात आईच्या नावाचे पहिले घरपट्टीचे देयक आले. नावात एक अक्षर चुकले आहे. नाव दुरुस्ती फलकावरील यादीत नाही, त्यामुळे ऑनलाइन अर्जाची सोय नाही आणि क्रमांकही नाही. साध्या कागदावर अर्ज लिहून दिला. आवक विभागाच्या शिक्क्याची पोच मिळाली आहे.