प्रोन नेमबाजीसाठी मॅट: कोकणात कुठली घ्यावी?

प्रोनसाठी, म्हणजे पोटावर आडवं होऊन रायफल चालवण्याच्या सरावासाठी, मॅट घ्यायला दुकानात गेलेला माणूस पहिल्यांदा ती अंगठ्याने दाबून बघतो. मऊ लागली की पसंत पडते. माझी पहिली मॅट मी अशीच घेतली होती. वर रेक्झिन, आत चांगला दोन इंची स्पंज. मे महिन्यात तिच्यावर आडवं होऊन नेम धरताना कुठे काही बोचायचं नाही. जूनमध्ये शिवणीतून पाणी आत शिरलं आणि गणपतीपर्यंत ती उलगडली की पडवीभर कुबट वास सुटायला लागला. डाव्या कोपराच्या जागी खळगा पडला होता तो वेगळाच. त्यानंतर मी बऱ्याच मॅट वापरल्या, काही दुसऱ्यांच्या मागून घेऊन पाहिल्या. आता कुणी मुलगा किंवा त्याचे वडील "कुठली घेऊ?" म्हणून विचारतात तेव्हा मी दोनच गोष्टी विचारायला सांगतो: कोपर तिच्यावर कसं बसतं, आणि भिजल्यावर ती किती दिवसांत सुकते.

कोपराचं आधी सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. प्रोनमध्ये रायफलचं वजन स्लिंगमधून (रायफल दंडाशी बांधणाऱ्या पट्ट्यातून) डाव्या हातावर येतं आणि तिथून कोपरावर उतरतं (डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं). खांद्यापासून पुढच्या हातापर्यंतचं अंतर साधारण अर्धा मीटर धरा. खांदा जागेवर राहिला आणि कोपर फक्त एक मिलिमीटर खाली बसलं, तर ५० मीटरवर नेम १०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत हलतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर. प्रत्यक्षात शॉट इतका लांब जात नाही, कारण आपण नकळत दंड ताणून नेम परत वर आणतो. पण शिकवताना गुरुजी जे सांगतात, की डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा आणि रायफल आपोआप कुठे बघते ते पाहा, ते सगळं त्या ताणात वाया जातं. पहिले दहा शॉट सुंदर, विसाव्यानंतर ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) खाली पसरत जातो आणि दोष ट्रिगरला दिला जातो. खाली स्पंज हळूहळू बसत असतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मग दगडावरच पडायचं का? तसंही नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमातलं माप पाहिलं तर अंदाज येतो. मॅटचा पुढचा, कोपरांखालचा भाग साधारण ५० बाय ७५ सेंटिमीटर, दबणाऱ्या पदार्थाचा, जाडी जास्तीत जास्त ५० मिलिमीटर. आणि मापाच्या यंत्राखाली दाबल्यावरही तो १० मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. म्हणजे दबायला हवा, पण तळ गाठायला नको. पूर्ण मॅट किमान ८० बाय २०० सेंटिमीटर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ५० मीटरच्या स्पर्धेत मॅट रेंजवाले देतात, स्वतःची वापरायला मनाई आहे. त्यामुळे आपण जी घेतो ती सरावाची मॅट. ती स्पर्धेतल्या मॅटपासून फार वेगळी असू नये, एवढं पाहायचं. स्थानिक सामन्यांत काय चालतं ते मात्र आधी विचारून घ्या.

(ऑलिम्पिकमधून ५० मीटर प्रोन २०१६च्या रिओनंतर गेलं, मग कशाला एवढा खटाटोप, असं काही पालक म्हणतात. थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, आडवं होऊन आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) प्रोनचे वीस शॉट आजही आहेत. घाटावरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्यपदक आणलं ते त्याच प्रकारात. आणि कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, ती तर निव्वळ ५० मीटर प्रोनमध्ये.)

आता एकेक घेऊ.

एनसीसीच्या फायरिंगला कॅडेट आडवा होतो तो ग्राउंडशीटवर (जमिनीवर अंथरायच्या जलरोधक कापडावर), नाहीतर जाड सुती जाजमावर. खाली ताडपत्री आणि वर घरची सतरंजी, हा त्याचाच घरगुती अवतार. पॉइंट टू-टू (.२२) बोअरचे पाच राउंड, पंचवीस मीटर, तेवढ्यापुरतं हे पुरतं. सतरंजीचं सूत कापडाला छान धरतं. नुसत्या ताडपत्रीवर मात्र कधी पडू नका. स्लिंगचा ताण आला की कोपर तिच्यावरून सरकतं. सतरंजीची अडचण अशी की ती गोळा होते. ताडपत्रीवर ती फिरते, सुरकुती नेमकी कोपराखाली येते. आणि जांभ्याच्या कातळावर तिचा काही उपयोग नाही, दगडाची प्रत्येक धार अंगाला कळते. नुसत्या खाकी शर्टावर सराव करणाऱ्या मुलांची कोपरं चार दिवसांत सोलवटतात. शिवाय भिजलेली सुती सतरंजी आषाढात सुकवून दाखवावी कुणीतरी.

योगा मॅट ही सगळ्यांना सुचणारी गोष्ट. हजाराच्या आत मिळते, घरात कुणाची तरी पडलेलीही असते. सहा मिलिमीटरची साधी योगा मॅट कोपराला चांगली धरते, खळगा पडत नाही, पुसली की स्वच्छ. पण रुंदी जेमतेम दोन फूट. प्रोनमध्ये आपण मॅटवर सरळ रेषेत पडत नाही; अंग थोडं तिरकं असतं, उजवा पाय गुडघ्यात दुमडून वर घेतलेला असतो, म्हणजे पोट जमिनीवर दाबलं जात नाही आणि श्वास मोकळा राहतो. त्या तिरकसपणात डावं कोपर मॅटवर राहिलं तर उजवा गुडघा लादीवर येतो. गुडघा वाचवायला मुलं नकळत पाय सरळ करतात आणि दोन महिन्यांनी पोझिशनच बदललेली असते. मॅट अरुंद आहे म्हणून पोझिशन बिघडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन मॅट शेजारी ठेवून खालून चिकटपट्टी मारली की हा प्रश्न सुटतो, पण मग स्वस्तपणा निम्मा होतो.

योगा मॅटमध्येच एक सापळा आहे. दुकानदार "जास्त जाड, जास्त आराम" म्हणत दहा-पंधरा मिलिमीटरची एनबीआरची (मऊ कृत्रिम रबराच्या फोमची) मॅट पुढे करतो. ती फुगीर आणि लुसलुशीत असते, स्लिंगच्या ओढीने रबरासारखी ताणली जाते. कोपर जागेवर आहे असं वाटतं आणि त्याच्याखालची मॅट पुढे गेलेली असते. ती घेऊ नका.

ट्रेकवाल्यांची कॅरीमॅट मला पहिल्यापासून आवडते. आठ-दहा मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम, म्हणजे आत एकमेकांपासून वेगळे बुडबुडे. त्यात पाणी शिरतच नाही. पावसात भिजली तर झटकली, पुसली, झालं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेलाच पाणी सुटलेलं असतं, तिथे या एका गुणाला फार किंमत आहे. दबते पण बसत नाही. वजन म्हणाल तर नसल्यासारखंच. दोष दोन. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे शूटिंग जॅकेटचं कोपर घामेजल्यावर घसरतं. आणि जांभ्यावर ती फाटते. जांभा दिसतो सपाट, पण त्याच्या छिद्रांच्या कडा खवणीसारख्या असतात. एका हिवाळ्यात माझ्या मॅटच्या खालच्या बाजूची चाळण झाली. कातळावर टाकणार असाल तर खाली गोणपाट हवंच.

खरेदीच्या वेळी एक परीक्षा करा. मॅटच्या कापलेल्या कडेवर चमचाभर पाणी टाका, बोटाने दाबून सोडा, मग रुमालाने पुसा. पुन्हा दाबल्यावर कडेतून पाणी आलं तर आत स्पंज आहे, ठेवून द्या. दुसरी परीक्षा, कोपर टेकून त्याच्यावर भार द्या आणि पाच मिनिटं तसेच राहा. उठल्यावर खळगा भरून यायला वेळ लागला, तर पन्नास मिनिटांत साठ शॉट मारताना तिच्यावर काय होईल ते समजून घ्या. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

रबराची गोठ्यातली मॅट, जी गाई-म्हशींखाली घालतात, ती मी शेजारच्या काकूंकडे मागायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गोरवांखालची मॅट घेवन तू काय करतलस?" पण पडवीत कायमची जागा असेल तर हिच्यासारखी पकड कशालाच नाही. साडेसहा बाय चार फुटांची, म्हणजे ऐसपैस. वर खडबडीत नक्षी, खाली लादीवर इंचभरही सरकत नाही. पावसाळ्यात लाद्यांना घाम सुटतो ना, तेव्हा योगा मॅट आणि कॅरीमॅट दोन्ही माणसासकट हळूच मागे जातात. ही हलत नाही. पण एकट्याने उचलून नेण्यासारखी ती नाही, उन्हात तापते, नवी असताना रबराचा वास डोक्यात जातो, आणि कोपराला ती कडकच. त्यावर पुढच्या भागात कॅरीमॅटचा दीड बाय अडीच फुटी तुकडा टाकला की स्पर्धेच्या मॅटच्या बरंच जवळ जाता येतं. घरी ड्राय फायरिंग, म्हणजे गोळी न भरता सराव, करणाऱ्यासाठी माझी पहिली शिफारस हीच जोडी.

तयार शूटिंग मॅट ऑनलाइन मिळतात. गुंडाळायला पट्टे, कोपरांखाली रबराचे ठिपके, खिसे, सगळं असतं. दिसायला देखण्या. पण त्यांतल्या पुष्कळ बायपॉडवर (रायफलच्या दोन पायांच्या टेकूवर) रायफल ठेवून मारणाऱ्यांसाठी बनवलेल्या आहेत. पुढचे पट्टे असतात ते बायपॉडचे पाय अडकवायला. स्लिंगवर मारणाऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही, उलट कोपराच्या जागी शिवण येते. आत भरलंय काय ते बहुतेक वेळा नीट लिहिलेलं नसतं. आत स्पंज असेल तर माझ्या पहिल्या मॅटची गत होणार. शिवणीचं प्रत्येक छिद्र म्हणजे पागोळीला दार. बंद पेशींचा फोम आहे असं स्पष्ट लिहिलं असेल, आणि रबराचा पट्टा सलग असेल, तरच पैसे घाला.

काथ्याची चटई हा सिंधुदुर्गातल्या माणसाला सुचणारा पर्याय. काथ्या भिजला तरी सहज कुजत नाही, मान्य. पण त्याचे केस जॅकेटच्या कोपराला टोचत-अडकत राहतात आणि वाळू त्यात एकदा शिरली की निघत नाही. ती वाळू पुढे रायफलच्या बोल्टपर्यंत पोचते. पाय पुसायलाच बरी.

मी स्वतः सध्या वापरतो ती शिवून घेतलेली. तंबू-ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड सुती कॅनव्हासचा अभ्रा करून घेतला, ८० सेंटिमीटर बाय दोन मीटरचा, उशीच्या अभ्र्यासारखा एका बाजूने उघडा. आत कॅरीमॅटच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी, पुढच्या भागात आणखी एक थर. कोपरांच्या जागी बारीक खाचांचं पातळ रबर, कडेने शिवलेलं, मधे टाका नाही. कॅनव्हास जॅकेटला धरतो, फोम पाणी पीत नाही, आणि भिजलंच तर दोन्ही वेगळे करता येतात. याचं मोल मला दुसऱ्या पावसाळ्यात कळलं: कॅनव्हास धुऊन चुलीच्या वरच्या वाशाला टांगला, फोम पुसून आत घेतला, तिसऱ्या दिवशी सराव सुरू. पैसे तयार मॅटपेक्षा कमी गेले, पण शिवणाऱ्याकडे तीन खेपा घालाव्या लागल्या हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या खेपेला त्याने रबरावर मधोमध फुलीचा टाका मारला होता, तो उसवून घ्यावा लागला.

तर कुणी काय घ्यावं? कॅडेट असाल आणि कॅम्पपुरतं फायरिंग असेल तर काही विकत घेऊ नका. घरची सतरंजी आणि तिच्याखाली एक कॅरीमॅट. घरी पडवीत रोज ड्राय करणार असाल तर गोठ्याची मॅट आणि फोमचा तुकडा. क्लबच्या रेंजवर वर्षभर जाणार असाल तर कॅनव्हासची शिवून घ्या, आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या आधी, कारण मग शिवणाऱ्यांना ताडपत्र्यांतून उसंत नसते. हे काहीच जमत नसेल तर सहा मिलिमीटरच्या दोन योगा मॅट. स्पंज कुणीच घेऊ नये.

मॅट कुठलीही असो, सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) रेंजला नेत असाल तर एक गोष्ट कधी चुकवू नका. ती रात्रभर जमिनीवर टाकून ठेवायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी उघडताना हाताने उघडायची नाही. आपल्या सड्यांवर फुरशी, म्हणजे विषारी साप, आहेत. फुरसं वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, आणि गुंडाळलेल्या मॅटची पोकळी त्याला आयती मिळते. काठीने लांबून लोटून उलगडा, दोन्ही बाजू झटका, मग आडवे व्हा. मी मॅट आता गुंडाळून उभी ठेवतो, खुंटीला टांगून, आणि उलगडल्यावर डाव्या कोपराची जागा खडूने आखून घेतो. सराव संपला की त्या खुणेपासून कोपर किती सरकलं ते आधी बघतो, टार्गेट नंतर.