सांधेदुखीसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल की जवस?

दोन्हींत ओमेगा-३ (एक प्रकारचं स्निग्ध आम्ल) आहे, पण एकच नाही. माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए हे ओमेगा-३चे प्रकार तयार असतात. जवसात असतो एएलए हा प्रकार. शरीर त्याचं ईपीए करतं खरं, पण दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणून सांध्यांपुरतं बोलायचं तर पारडं माशाकडेच झुकतं.

गोची मात्रेत आहे. डबीवर ठळक छापलेले १००० मिग्रॅ म्हणजे नुसतं तेल. मागची बारीक अक्षरं वाचा: साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, एकूण ३००. संधिवातावरच्या (आमवात) अभ्यासांत रोज सुमारे २७०० मिग्रॅ दिलं गेलं, म्हणजे अशा नऊ कॅप्सूल! त्याऐवजी जास्त तीव्रतेची, म्हणजे एकाच कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए जास्त असलेली घ्यावी. जेवणासोबत घेतल्यास माशाचे ढेकर कमी येतात. फरक दोन-तीन महिन्यांनी. गुडघ्याच्या झिजेत पुरावा कमकुवत.

जवस अख्खं खाल्लं तर बरंचसं न पचताच बाहेर पडतं. भाजून कुटा, चटणी करा, थोडीथोडीच. तेल फ्रिजमध्ये ठेवा, फोडणीला वापरू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मासे खाणाऱ्यांना बांगडा, तारली आहेतच.