अस्तर उन्हात पाहणारी मी, चेहरा मात्र दिव्याखाली दाखवून बसले

मी ब्लाउज शिवते. नागपूरच्या नंदनवनला, घराच्या पुढच्या खोलीत, १८ वर्षं झाली. या धंद्यात आधी शिकावं लागतं ते मॅचिंग. इतवारीत अस्तर घ्यायला गेलं की दुकानदार ट्यूबलाइटखाली कापडावर कापड टाकतो आणि म्हणतो, "एकदम सेम टू सेम, ताई." मी दोन्ही तुकडे उचलते, पायरीवर येते आणि उन्हात धरते. आत जे मोरपिशी वाटलं ते बाहेर सरळसरळ रामा निघतं. आता दुकानदार मला ओळखतात. मी हात पुढे केला की स्वतःच म्हणतात, "जा, पाहून या."

हे आधी सांगते, कारण मी फसले ती नेमकी यातच. आणि एकटी मीच फसले असेन असं मला वाटत नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. वरच्या ओठावरही थोडी सावली. दही, बटाट्याचा रस, मसुरीचं पीठ, सगळं लावून झालं. गेले नाहीत. मशीनवर मान खाली घालून बसणाऱ्या बाईचे गाल कोण पाहतं, म्हणून मीही विषय सोडून दिला होता. पण या मे महिन्यात भाचीचं लग्न होतं आणि वर्ध्याहून बहिणीचा फोन आला. "फोटोवाल्याला एवढे पैसे देऊन राहिलो आपण. चेहऱ्याला काही लावशील ना?" तिचा हेतू वाईट नव्हता. पण ते वाक्य आठ दिवस डोक्यात राहिलं, आणि त्याच आठ दिवसांत मोबाइलवर एक जाहिरात दिसायला लागली. 'डाग झाकणारा, तुमच्याच स्किनटोनचा खास बेस. तपासणी मोफत.' धरमपेठेकडचा एक स्टुडिओ. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

आत गेले तर एसी, गुलाबी भिंती आणि आरशाभोवती पांढऱ्या दिव्याचं मोठं कडं. त्या दिव्यासमोर बसलं की कोणीही बरंच दिसतं. मीसुद्धा दिसले. एका मुलीनं टॅबलेटवर माझा फोटो काढला आणि स्क्रीनवर आकडे आले. डाग इतके टक्के, ओलावा इतका, 'अंडरटोन कूल', म्हणजे कातडीची आतली छटा निळसर-गुलाबी. मग मनगट उलटं करून शिरा पाहिल्या. "निळ्या दिसतात ना मॅम, म्हणजे कूल." त्या दिव्याखाली शिरा निळ्याच दिसणार होत्या. मनगटाच्या आतल्या नाजूक जागेवर तिनं फाउंडेशनच्या स्टिकची रेघ ओढली, बोटानं पसरवली. रेघ कातडीत मिसळून गेली.

आता कळतं ते असं. मनगटाच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही, तिचा रंग चेहऱ्यापेक्षा उजळ असतो. शेड पाहायची ती जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा संपून मान सुरू होते, आणि तीही दिवसाच्या उजेडात. लावून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, कारण काही फाउंडेशन हवा आणि घाम लागून गडद होतात. मला हे कोणी सांगायला नको होतं. मी रोज दुसऱ्यांच्या कापडासाठी तेच करते. दार सहा पावलांवर होतं आणि बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

शेल्फवर शेड किती होत्या? पाच. त्यातल्या तीन गोऱ्यापान बाईच्या. भाचीनं नंतर सांगितलं की २०१७ मध्ये रिहानाच्या फेंटी ब्यूटीनं पहिल्याच दिवशी ४० शेड आणल्या, तेव्हापासून बाकीच्या कंपन्यांनाही सावळ्या रंगांच्या शेड वाढवाव्या लागल्या. इथे पाच. माझ्यासाठी रंग निवडलाच नव्हता, कपाटात जो उरला होता तो मला बसवला. ठाणात शिल्लक राहिलेलं अस्तर गळ्यात कसं मारतात ते मी चांगलं जाणते. इथे ओळखलं नाही, कारण तिथे कोणी मला म्हणत नाही की "मॅम, तुमचे फीचर्स किती शार्प आहेत, दोन शेड वर गेलो तर काय खुलाल!" मी गहूवर्णी आहे. दोन शेड वर, हे ऐकायला गोड लागलं. २०२० मध्ये एका जुन्या क्रीमच्या नावातून 'फेअर' शब्द गेला म्हणतात. माझ्या मनातून तो गेला नव्हता, एवढं कबूल करते.

हिशेब असा झाला. 'इम्पोर्टेड' स्टिक ३,२०० रुपये, डाग झाकायचं कन्सीलर १,४००, पावडर १,६००. शिवाय एक पांढरी प्लास्टिकची डबी, २,५००. तिच्यावर काहीच छापलेलं नव्हतं, फक्त पेनानं 'नाइट' लिहिलेलं. "हा आमचा बेस-प्रेप आहे मॅम. महिनाभर रात्री लावा, मेकअप असा बसेल की विचारू नका." एकूण ८,७००. ऑफर आजच्या दिवसापुरती. पैसे यूपीआयनं दिले, ते दुकानाच्या नावावर न जाता कोणा माणसाच्या नावावर गेले. बिल म्हणून वहीतलं पान फाडून दिलं. ८,७०० म्हणजे माझे किती ब्लाउज, हे गणित मी रस्त्यावर आल्यावर केलं.

डबीतली क्रीम लावायला लागले आणि दहाव्या दिवशी वांग फिके. खरंच फिके. चेहरा गुळगुळीत, थोडा चकाकणारा. गिऱ्हाइकं विचारू लागली, "काय लावून राहिल्या ताई?" दोघींना मी त्या स्टुडिओचा पत्ता दिला. त्यातली एक जाऊनही आली. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हेच खातं.

लग्न हिंगणा रोडवरच्या लॉनवर होतं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन. मी घरूनच सगळं लावून गेले. गालांवर कन्सीलर, वर स्टिक, वर पावडर, जसं व्हिडिओत दाखवतात तसं. रात्री फोटो ग्रुपवर आले. फ्लॅशमध्ये माझा चेहरा पांढराफटक, मान गव्हाळ आणि दोन्ही गालांवर राखेचा हात फिरवल्यासारखे करडे पट्टे. वांग झाकले नव्हतेच, त्यांचा फक्त रंग बदलला होता. जाऊबाईंच्या पोरानं लिहिलं, "काकू डायरेक्ट गिरणीतून आल्या का?" सगळे हसले. मीही हसायची इमोजी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीचा मेकअप करायला महाल भागातली एक मुलगी आली होती, पंचविशीची. मी स्टिक घेऊन आरशासमोर बसले तशी तिनं माझा हात धरला. "मावशी, हे काय लावून राहिल्या तुम्ही?" स्टिक घेऊन उलटीपालटी केली. कंपनीच्या नावाखालच्या मजकुरात स्पेलिंग चुकलेलं, टोपण सैल, बॅच नंबर नाही. बाहेरचा माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असायला हवा, इथलाच असेल तर उत्पादकाचा परवाना क्रमांक. यातलं काही म्हणता काही नाही. "ओरिजिनल याच्यापेक्षा जड लागते हाताला," ती म्हणाली. अस्सल जरीचा काठ आम्ही असाच ओळखतो.

तिनं माझा चेहरा पुसला आणि मला खुर्चीसकट खिडकीपाशी नेलं. नवरी वाट बघत होती, तरी तिनं दहा मिनिटं दिली. आधी नारिंगी करेक्टर, तोही फक्त वांगावर, बोटाच्या टोकानं थापून, पुसट होईपर्यंत. मग दोन शेड हाताच्या पाठीवर मिसळून जबड्याशी लावून पाहिल्या. गालांवर थोडं जास्त, बाकी चेहऱ्यावर जवळपास काहीच नाही. काम करता करता बोलत होती. गडद डागावर उजळ कन्सीलर थेट लावलं की तो राखाडी दिसतो. आपल्या रंगाच्या कातडीवरचे तपकिरी-निळसर डाग आधी नारिंगीनं मारायचे, अगदी गोऱ्या कातडीला पीच पुरतो, लाल फोडाला हिरवा. फाउंडेशनमधला रंग म्हणजे लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड आणि पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड. शेड जितकी उजळ तितका पांढरा जास्त. मला तिचं बोलणं लगेच कळलं. काळ्या कापडावर पांढरी नेट टाकली की करडंच दिसतं, दोन पदर टाकले तरी. आणि फ्लॅशमधला पांढरेपणा बहुतेक पावडरचा होता. सिलिका असलेली पावडर जास्त झाली की फ्लॅशचा उजेड परत फेकते, समोर उभ्या माणसाला मात्र काही दिसत नाही.

लग्नातले फोटो चांगले आलेत. वांग थोडे दिसतात आणि मी मीच दिसते.

गोष्ट इथेच संपली असती तर ८,७०० रुपये अक्कलखाती टाकून गप्प बसले असते. लग्नानंतर बहिणीच्या मदतीला आठ दिवस वर्ध्याला गेले आणि डबी घरीच राहिली. पाचव्या दिवशी चेहऱ्याची आग सुरू झाली. गाल लालबुंद, त्यावर घामोळ्यासारखे बारीक पुरळ. चुलीसमोर तर उभंच राहवेना. लोक म्हणाले, ऊन बाधलं. नागपूरला परत आले, डबी उघडली, लावली आणि दोन दिवसांत सगळं शांत. मला काय वाटलं सांगू? वाटलं, किती गुणाची क्रीम आहे. डबी अर्धी झाली होती, नवीन घ्यायला निघणारच होते. सून नर्सिंग करते, तिनं अडवलं आणि मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत ओढत नेलं.

डॉक्टर मॅडमनी चेहरा पाहिला आणि डबीकडे न बघताच विचारलं, "बंद केली की आग, लावली की बरं. असंच ना?" त्यांच्या मते यात स्टिरॉइड असणार. ते आधी कातडी फिकी आणि गुळगुळीत करतं, मग पातळ करतं, आणि कातडीला त्याचीच सवय लागते. सोडलं की भडका. पुन्हा लावलं की आराम, म्हणून बायका वर्षानुवर्षं लावत राहतात. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची असतात, २०१८ मध्ये ते नियम आणखी कडक झाले. बिननावाच्या डब्यांत दुसरी भीती पाऱ्याची. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाच्या वर चालत नाही. अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींची किडनी अशाच क्रीमनं बिघडल्याची बातमी आपल्याकडे येऊन गेली आहे. म्हणून मॅडमनी माझीही लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट नीट आला. तो येईपर्यंतच्या दोन रात्री मी झोपले नाही.

क्रीम बंद झाली. पहिले तीन आठवडे वाईट गेले, मशीनवर बसताना गालावर ओलं फडकं ठेवायची. मेकअपला मॅडमनी कायमची मनाई केली नाही, हे मला बरं वाटलं. कातडी शांत झाली की झाका म्हणाल्या, पण काहीही नवीन आणलं तर आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा. रंगीत सनस्क्रीन लिहून दिलं. उन्हातला साधा डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग गडद करतो, तो पांढऱ्या सनस्क्रीननं नीट अडत नाही, आयर्न ऑक्साइडवाल्यानं अडतो. म्हणजे डाग झाकणारा रंगच थोडाफार औषधाचंही काम करतो. वांग आता पूर्वीइतकेच आहेत, डावीकडे जरा जास्त.

स्टुडिओत गेले तेव्हा तीच मुलगी होती. "मॅम, तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे, आमच्याकडे रोज पन्नास कस्टमर येतात." डबी पुढे केली तर म्हणाली, "ही आमची नाहीच, याच्यावर आमचं नाव कुठे आहे?" बरोबरच होतं. नाव नव्हतं, तीच तर त्यांची सोय. वहीच्या पानावर 'किट ८,७००' एवढंच होतं.

मग जे केलं ते सांगते, कोणाच्या तरी कामी येईल. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार मराठीतही घेतात. यूपीआयचा स्क्रीनशॉट, वहीच्या पानाचा फोटो, स्टिकचे चारही बाजूंनी फोटो आणि स्टुडिओतल्या मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला 'रात्री लावा मॅम' हा मेसेज दिला. तो मेसेज सगळ्यात उपयोगी पडला, कारण त्यात डबीचा फोटो होता. मेसेज पुसू नका, राग आला तरी. अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला. तिथे कळलं की १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे आपण विकत घेतलेली वस्तू फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येते. मी अर्धी डबी वापरली होती, अर्धी शिल्लक होती. ज्या बाईला मी पत्ता दिला होता तिच्या घरीही गेले. तिनं आधी दार अर्धंच उघडलं, मग ऐकून घेतलं. तिची डबीही आता माझ्या अर्जाला जोडली आहे.

सोळाव्या दिवशी स्टुडिओतून फोन आला, या वेळी मालकाचा, आवाज एकदम मऊ. "ताई, वाढवू नका. पूर्ण ८,७०० देतो, आज संध्याकाळी देतो. फक्त ती डबी तेवढी परत आणा."

स्टिक, कन्सीलर, पावडर, यातलं काही त्याला नको होतं. मी म्हटलं, डबी तपासणीला गेली आहे. तो काही क्षण गप्प राहिला आणि त्यानं फोन ठेवला. अजून पैसे आले नाहीत, रिपोर्टही आला नाही.