कॅल्शियम स्कोअर की सीटी अँजिओग्राफी?

पन्नाशीच्या आसपास हेल्थ चेकअपचं पॅकेज घ्यायला गेलं की ही दोन नावं हमखास समोर येतात. दोन्ही तपासण्या सीटी मशीनवरच होतात, त्यामुळे एकाच तपासणीचे हे स्वस्त आणि महाग प्रकार असावेत असं वाटतं. पण दोन्हींना विचारायचे प्रश्नच वेगळे आहेत.

हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचतं ते दूध किंवा नाचणी खाल्ल्यामुळे नाही. धमनीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साठतं, तिथे दाह होतो आणि काही वर्षांत भिंतीतल्या स्नायूपेशी हाडं घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. म्हणजे कॅल्शियम दिसलं, तर आजार जुना आहे हे नक्की. रक्तवाहिनी किती अरुंद झाली, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही.

कॅल्शियम स्कोअरला ना सुई लागते ना डाय (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलं जाणारं औषध). काही मिनिटांत काम होतं, किरणोत्सर्ग साधारण 1 मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). 1990 साली हृदयतज्ज्ञ अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीने आकडा काढतात: शून्य म्हणजे कॅल्शियम नाही, 100च्या पुढे लक्ष द्यायलाच हवं, 400च्या पुढे साठा भरपूर. ज्यांना काहीच त्रास नाही, पण कोलेस्टेरॉल किंवा बीपी थोडं वर आहे आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू करावी की नाही हे ठरत नाही, त्यांच्यासाठी ही तपासणी. 2018च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मध्यम धोक्याच्या व्यक्तीचा स्कोअर शून्य असेल तर गोळी काही काळ लांबवता येते. मधुमेह, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर ही सवलत नाही.

शून्य आला की लोक निर्धास्त होतात, त्याची मला फार काळजी वाटते. मऊ, ताजा प्लाक (धमनीच्या भिंतीतला कोलेस्टेरॉलचा साठा) या तपासणीत दिसतच नाही. अडतीस वर्षांचा, सिगारेट ओढणारा माणूस जिना चढताना छाती आवळते म्हणत असेल, तर त्याच्या शून्यावर विसंबू नये.

त्याला सीटी अँजिओग्राफी उपयोगी पडते. शिरेतून डाय देतात, म्हणून आधी मूत्रपिंडं नीट चालतात ना हे सांगणारं क्रिएटिनिन बघतात, अ‍ॅलर्जी विचारतात. नाडी साठच्या आसपास आणायला बहुधा गोळीही देतात. किरणोत्सर्ग जास्त असतो. पण मऊ प्लाकही दिसतो आणि अरुंदपणाही. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात छातीत दुखणाऱ्या 4,146 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ही तपासणी दिली. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण त्यांच्यात 2.3 टक्के होतं, बाकीच्यांत 3.9 टक्के.

मात्र कॅल्शियम खूप असेल तर ते चित्रात फुगून दिसतं आणि ब्लॉक आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. अशा वेळी डॉक्टर स्ट्रेस टेस्ट किंवा थेट कॅथेटरची, म्हणजे धमनीत बारीक नळी घालून केलेली अँजिओग्राफी सुचवतात. काहीच त्रास नसताना मात्र केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून सीटी अँजिओ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि छातीत एकाएकी दुखून घाम फुटला, तर यातलं काहीच नाही. 108ला फोन करा. तेव्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) लागतं.

स्टॅटिन चालू असताना स्कोअर दरवर्षी करून घेण्यातही अर्थ नाही. गोळीमुळे मऊ प्लाक घट्ट होतो, आकडा वाढू शकतो, आणि घाबरून लोक नेमकी तीच गोळी बंद करतात.