पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन: एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, की काहीच नको?

गेल्या मे महिन्यात लातूरला मावशीच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, पोटावर चार छिद्रं, दुसऱ्या दिवशी सुट्टी. चिठ्ठीवर पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले आणि नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा! जखमेचे टाके कोरडे होते, हाल केले ते गोळ्यांनी. आता मावसभावाची तारीख लागलीय. त्याचा फोन आला, "ताई, हे औषध घ्यायचंच का?"

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. निर्णय अर्थात सर्जनशी बोलूनच.

काहीच न घेणं हाही खरा पर्याय आहे. खडे आहेत पण ताप, कावीळ, सूज नाही, शुगर नाही, वय फार नाही, अशा माणसात जंतुसंसर्गाचा धोका मुळातच कमी असतो. कॉक्रेन ही औषधोपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१० च्या आढाव्यात ११ चाचण्यांमधले १,६६४ रुग्ण होते. जखमेत संसर्ग झाला तो औषध दिलेल्यांपैकी २.७ टक्क्यांना आणि न दिलेल्यांपैकी ३.३ टक्क्यांना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. अमेरिकेतल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही कमी धोक्याच्या रुग्णाला औषधाची गरज नाही असंच म्हणतात.

दुसरा पर्याय म्हणजे चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचा एक डोस, बहुतेक वेळा सेफाझोलिन, मोठ्या माणसाला २ ग्रॅम. औषध देण्याच्या बाजूने जपानमधली २०१४ ची हजारावर रुग्णांची चाचणी आहे, पण तिथे एक नाही, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मिळून तीन डोस दिले होते. तिथे जखमेचा संसर्ग औषधाने ३.७ वरून ०.८ टक्क्यांवर आला. म्हणजे तज्ज्ञांचंही एकमत नाही. पण मधुमेह, सत्तरीपुढचं वय, गेल्या महिनाभरात उठलेली कळ, कावीळ, गरोदरपण यातलं काही असेल, तर डोस घ्यावा यावर फारसा वाद नाही. ऑपरेशन करताना पित्त सांडलं किंवा पोट उघडावं लागलं तरी तेच. आपल्याकडे "मला शुगर नाही" म्हणणाऱ्या कितीजणांनी ती कधी तपासलेली असते, हा प्रश्न आहेच. पेनिसिलिनची किंवा कुठल्याही इंजेक्शनची ॲलर्जी असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं.

तिसरा, मावशीच्या चिठ्ठीवरचा पर्याय मात्र माझ्या मते बादच. ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधासाठी औषध चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. डॉक्टरांची भीती मला कळते. पेशंट औश्याच्या पुढे कुठल्या तरी वाडीत जाणार, जखम चिघळली तर नातेवाईक दवाखान्यात येऊन भांडणार. पण गोळ्यांनी ती भीतीच तेवढी कमी होते. पित्ताशय पू भरलेलं निघालं असेल, तर त्या गोळ्या उपचाराच्या असतात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात एक संसर्ग असा आहे की त्यापुढे हे तिन्ही पर्याय लंगडे पडतात. टाके भरून येतात, सगळे विसरतात, आणि महिनाभराने छिद्राच्या जागी गाठ येऊन पाणी झिरपू लागतं. हे क्षयरोगाच्या जंतूंचे चुलतभाऊ. ते पाण्यात असतात, आणि अवजारं नीट निर्जंतुक केली नाहीत, रसायनात बुडवून साध्या पाण्याने धुतली, की तिथून पोटावरच्या छिद्रांत शिरतात. नेहमीच्या अँटिबायोटिकना ते दाद देत नाहीत. उपचार कधीकधी महिनोन् महिने चालतात. म्हणून "डोस कोणता?" इतकंच "अवजारं ऑटोक्लेव्ह करता का?" (म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करता का) हे विचारणं गरजेचं आहे. लाजायचं कारण नाही. एवढं विचारल्यावर कुणी चिडलं, तर दुसरा दवाखाना बघायला मी मोकळी.

आदल्या दिवशी वस्तऱ्याने पोट भादरून घेऊ नका. त्वचेवर बारीक ओरखडे पडून उलट जंतूंनाच वाट मिळते. केस काढायचेच झाले तर मशिनने कापायचे. पित्त छिद्राला लागू नये म्हणून पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढणार का, हेही विचारून ठेवा.

मावसभावाला शुगर आहे, म्हणून त्याच्यासाठी आमचं एका डोसवर ठरलंय. गोळ्यांचं घरी सोडताना नाही, भरती होतानाच विचारायचं. आणि आदल्या रात्री साबणाने अंघोळ, बेंबीसकट. त्यासाठी दोन घागरी बाजूला काढून ठेव म्हणून मावशीला सांगितलंय.