अपाचे २.४, आठ महिन्यांनंतर: ४४३ वर पहिल्याचेच राज्य

गेले आठ महिने मी अपाचे या वेब सर्व्हरने एकाच आयपी पत्त्यावर पाच संकेतस्थळे चालवतो आहे. तीन एचटीटीपीएसवर आहेत; उरलेल्या दोहोंशी टीएलएस (एचटीटीपीएसमागचे कूटलेखन) न कळणारी जुनी उपकरणे बोलतात, म्हणून ती साध्या एचटीटीपीवरच ठेवली आहेत. एसएनआयमुळे, म्हणजे जोडणी करतानाच हव्या त्या संकेतस्थळाचे नाव सांगण्याच्या ब्राउझरच्या सोयीमुळे, प्रत्येक प्रमाणपत्रासाठी वेगळा आयपी विकत घ्यावा लागत नाही आणि खरे सांगायचे तर मी या मांडणीकडे वळलो तो त्या बचतीपायीच. वेग आणि मेमरी यांबाबत तक्रार नाही.

तक्रार एकाच गोष्टीची आहे. मागच्या महिन्यात एका साध्या संकेतस्थळाचा पत्ता कोणीतरी एचटीटीपीएस लावून उघडला, तेव्हा ब्राउझरने प्रमाणपत्रावरचे नाव जुळत नसल्याचा इशारा दिला आणि तो ओलांडल्यावर चक्क दुसऱ्याच संकेतस्थळाचे मुखपृष्ठ समोर आले. मी डीएनएस तपासला, प्रमाणपत्र नव्याने काढले, दोन रात्री घालवल्या. एरर लॉगमध्ये मात्र चकार शब्द नव्हता. शेवटी होस्टची यादी दाखवणारी ‘अपाचेसीटीएल -एस’ ही आज्ञा चालवली, तेव्हा ४४३ च्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टच्या, ओळीत ‘डीफॉल्ट सर्व्हर’ म्हणून तेच संकेतस्थळ दिसले. त्याचे कर्तृत्व एवढेच, की त्याच्या फाइलचे नाव ‘ए’ने सुरू होते आणि फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात! मागितलेले नाव कोणत्याच होस्टशी (मांडणीत नोंदवलेल्या संकेतस्थळाशी) जुळले नाही, तर अपाचे नकार देत नाही. त्या पोर्टवर सर्वांत आधी वाचलेल्या होस्टच्या हाती पाहुणा सोपवतो, आणि तशी नोंद लॉगची पातळी डीबगवर (सर्वांत बारीक नोंदींवर) नेल्याशिवाय दिसत नाही.

इथवर रागाने लिहिले, पण दस्तऐवज पुन्हा वाचल्यावर सूर थोडा उतरवावा लागतो, कारण हा नियम तिथे स्पष्ट दिला आहे आणि साध्या एचटीटीपीच्या पोर्ट ८० वरही तोच चालतो. तिथे ‘०००-डीफॉल्ट’ ही फाइल आयती मिळाल्याने मला तो कधी जाणवला नाही. तरीही नकार हेच मूळ वर्तन असायला हवे होते, असे माझे मत आहे. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये १.१९.४ पासून हँडशेकच (टीएलएस जोडणीची सुरुवातच) नाकारण्याची सोय आहे. पण तेवढ्यासाठी पाचही संकेतस्थळांची मांडणी नव्याने लिहिण्याची माझी तयारी नाही.

त्याऐवजी ४४३ साठी ‘०००-’ने सुरू होणारी फाइल करून तीत स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र ठेवले आणि सर्वांना प्रवेश नाकारला. इशारा अजूनही येतो, पण परके मुखपृष्ठ दिसत नाही. परवा चाचणीच्या होस्टची फाइल मी सहज ‘००-’ने सुरू केली आणि तीच डीफॉल्ट झाली, कारण वर्णक्रमात आडवी रेघ शून्याच्या आधी येते.